भ्यालेलें मूल आणि पहिली पुडी



चंद्रपूरहून मूल, सावली हीं गांवें मागें टाकीत, वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीस जाणाऱ्या वाटसरूला पानाच्या टपऱ्यांपाशीं एक आवाज हमखास ऐकूं येतो. पन्नी, म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ कागद, फळीवर करकर घासल्याचा तो आवाज असतो. त्या पन्नींत सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना हीं एकजीव होईपर्यंत घोटलीं जातात. ह्या मिश्रणाला खर्रा म्हणतात. विदर्भांतील श्रोत्यांना तो समजावून सांगण्याची गरज नाहीं. पुण्यामुंबईच्या श्रोत्यांनीं गुटख्याचा ताजा घोटलेला भाऊ अशी त्याची कल्पना करावी. गुटख्यावर महाराष्ट्रांत २०१२ सालीं बंदी आली, पण पन्नीची करकर कांहीं थांबली नाहीं.

टपरीसमोरच्या सगळ्याच गिऱ्हाइकांना मिसरूड फुटलेलें असतें असें नाहीं. दहा-अकरा वर्षांचा मुलगा येतो, हातांतली नोट पुढें करतो, पुडी घेतो आणि पळत सुटतो. दुकानदार कांहीं विचारीत नाहीं, कारण ती पुडी बापासाठीं आहे हें दोघांनाही ठाऊक असतें. निदान दुकानदार तसें समजून चालतो. वाटेंत त्या पुडींतली चिमूटभर मुलाच्या गालांत जाते. व्यसनाचा श्रीगणेशा पुष्कळदां असाच, कोणाच्या ध्यानींमनीं नसतां होतो.

मग केव्हां तरी तो पकडला जातो. घरीं मार बसतो, शाळेंत छडी बसते आणि शेजारीपाजारी कारण सांगून मोकळे होतात: संगत वाईट. हें कारण खोटें नाहीं, पण अपुरें आहे. त्याच वाटेनें त्याच टपरीवर जाणारीं दुसरीं मुलेंही आहेत. त्यांतलीं कांहीं एकदां चव पाहून थुंकून टाकतात आणि पुन्हा त्या वाटेस जात नाहींत. कांहींची मात्र ती थोड्याच दिवसांत गरज बनते. संगत तर सगळ्यांचीच सारखी. मग हा फरक कोठून येतो?

गेल्या कांहीं दशकांतील संशोधनानें ह्याचें जें उत्तर पुढें आणलें आहे तें ऐकावयास सोपें आणि पचावयास कठीण आहे. लहान वयांत व्यसनाकडे वळणाऱ्या मुलांपैकीं पुष्कळशीं मुलें त्यापूर्वींच भ्यालेलीं असतात. पुडी मागाहून येते. भय आधीं आलेलें असतें.

गंमत अशी कीं ह्या उत्तराचा माग व्यसनाच्या दवाखान्यांत लागला नाहीं. तो लागला लठ्ठपणाच्या दवाखान्यांत. अमेरिकेंतील सॅन डिएगो शहरीं डॉ. व्हिन्सेंट फेलिटी हे १९८० नंतरच्या दशकांत अतिस्थूल माणसांवर उपचार करीत असत. ज्यांचें वजन उत्तम उतरत होतें असेच कित्येक रोगी मध्येंच उपचार सोडून जातात, ही चमत्कारिक गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली. चौकशी करतां करतां त्यांतील अनेकांनीं बालपणीं भोगलेल्या अत्याचारांच्या हकीकती सांगितल्या. डॉक्टर ज्याला रोग समजत होते तें अति खाणें त्या माणसांनीं स्वतःच स्वतःसाठीं शोधलेलें औषध होतें. तें काढून घेतांच मूळचें दुःख उघडें पडत होतें.

पुढें फेलिटी आणि सरकारी रोगनियंत्रण केंद्रांतील डॉ. रॉबर्ट अँडा ह्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह ९,५०८ प्रौढ माणसांची पाहणी १९९८ सालीं प्रसिद्ध केली. अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं सात प्रकारांपैकीं किती प्रकार वाट्यास आले, एवढेंच त्यांनीं विचारलें होतें: शारीरिक मार, जिव्हारीं लागणारे अपमान आणि धमक्या, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरांत कोणी दारू किंवा मादक द्रव्यें घेणारें, कोणी मनानें आजारी, कोणी तुरुंगांत गेलेलें. निम्म्याहून अधिक लोकांच्या वाट्यास ह्यांतला निदान एक प्रकार आला होता. ज्यांच्या वाट्यास चार किंवा त्याहून अधिक आले होते त्यांच्यांत दारूचें व्यसन, मादक द्रव्यांचें सेवन, औदासीन्य आणि आत्महत्येचे प्रयत्न ह्यांचा धोका, एकही न भोगलेल्यांच्या मानानें, चारपासून बारा पटींपर्यंत वाढलेला आढळला. २००३ सालीं ह्याच पाहणींतून निघालेल्या दुसऱ्या निबंधांत वयाचा प्रश्न घेतला होता. वाढत्या प्रत्येक प्रकारागणिक, चौदाव्या वर्षापर्यंतच मादक द्रव्याला हात लागण्याचा संभव दुपटीपासून चौपटीपर्यंत चढत होता.

हीं माणसें कोण होतीं हेंही सांगितलें पाहिजे. बहुतेक शिकलेलीं, आरोग्याचा विमा उतरलेलीं, मध्यम स्थितींतलीं अशीं तीं होतीं. तेव्हां असलें सारें झोपड्यांत चालतें असें म्हणून पांढरपेशा घरांना आपलें दार लावून घेतां येणार नाहीं.

आणि वयाला एवढें महत्त्व कां? १९९७ सालीं अमेरिकेंतच ब्रिजेट ग्रँट आणि डेबोरा डॉसन ह्या दोघींनीं फार मोठ्या पाहणीच्या आधारें दाखवून दिलें कीं पंधराव्या वर्षाच्या आंत दारू पिण्यास आरंभ करणाऱ्यांपैकीं शंभरांत सुमारे ४० जण आयुष्यांत केव्हां ना केव्हां तिच्या पूर्ण आहारीं गेले. विसाव्या वर्षीं किंवा त्यानंतर आरंभ करणाऱ्यांत हें प्रमाण सुमारे १० होतें. पहिला पेला जितका लांबेल तितकी सुटकेची आशा अधिक, असा ह्याचा व्यावहारिक अर्थ.

चाणाक्ष श्रोत्यांच्या मनांत येथें एक शंका येईल. दारुड्याच्या घरीं मारही असतो आणि बाटलीही असते. मग मूल बाटलीकडे गेलें तें भयामुळें, कीं ती हाताशीं होती म्हणून? शंका रास्त आहे. दोन्ही प्रवाह खरे आहेत, आणि पिढीकडून पिढीकडे रक्तांतून उतरणारा कल हा तिसरा. तथापि भयाच्या बाजूनें दोन साक्षी आहेत. आघातांची संख्या वाढते तसें व्यसनाचें प्रमाण पायरीपायरीनें चढतें, ही पहिली. दुसरी साक्ष २००२ सालच्या निबंधाची: ज्यांचे आईबाप दारूचे व्यसनी नव्हते त्यांच्यांतही अनेक आघातांचा परिणाम प्रौढपणींच्या पिण्यावर दिसलाच. मात्र मार खाल्लेलें प्रत्येक मूल दारुडें निघतें असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. तसें निघत नाहीं, आणि कां निघत नाहीं हें पुढें येईलच.

हें शरीरांत कसें घडतें, तें पाहण्यासाठीं सिंदेवाही किंवा धानोरा तालुक्यांतील एखाद्या घराची कल्पना करावी. दिवस मावळला आहे. चुलीवर भात आहे. नऊ वर्षांचा मुलगा पुस्तक उघडून बसला आहे, पण त्याचे कान रस्त्याकडे आहेत. बापाच्या खोकण्यावरून, वहाणांच्या आवाजावरून, सायकल भिंतीला टेकविली कीं आपटली एवढ्यावरून आजची रात्र कशी जाणार हें तो ओळखतो. सायकल आपटली तर तो मुकाट्यानें उठतो, कुऱ्हाड कणगीमागें सरकवतो आणि धाकट्या बहिणीला शेजारच्या ओसरीवर नेऊन बसवतो. हें त्याला कोणीं शिकविलेलें नाहीं. शाळेंत जें मूल पाढे विसरतें तेंच मूल हा अभ्यास एकदांही चुकत नाहीं.

अशा वेळीं शरीरांत काय चालतें? मेंदूच्या आंत बदामाच्या आकाराची एक गांठ आहे. तिला अमिग्डला म्हणतात. संकट ओळखून दवंडी पिटणें हें तिचें काम. दवंडी होतांच अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसोल हे द्राव रक्तांत उतरतात, काळीज धडधडूं लागतें, हातपाय पळावयास किंवा लढावयास सिद्ध होतात. वाघ समोर आला तर हीच व्यवस्था प्राण वांचविते. वाघ गेला कीं दवंडी थांबते आणि शरीर पूर्वपदावर येतें. परंतु ज्या मुलाचा वाघ रोज रात्रीं घरींच येतो त्याची दवंडी थांबत नाहीं. वर्षानुवर्षें वाजून वाजून ती इतकी हळवी होते कीं फळ्यावर डस्टर आपटला तरी तें मूल दचकतें, कोणाचा धक्का लागला तर अंगावर धावून जातें, आणि एका जागीं चित्त ठेवणें त्याला जमत नाहीं. विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग कपाळामागें असतो, आणि तो पंचविशीच्या आसपास कोठें पुरता पक्व होतो. म्हणजे ज्या वयांत भय सर्वांत मोठें त्या वयांत लगाम सर्वांत कच्चा. गुरुजी अशा मुलाला द्वाड म्हणतात. मुकें बसणारें असेल तर मठ्ठ म्हणतात.

आतां ह्या मुलाच्या गालांत ती पहिली चिमूट जाते. तंबाखूंतलें निकोटीन थोड्याच वेळांत मेंदूला पोचतें आणि आंतली तगमग घटकाभर शांत झाल्यासारखी वाटते. दारूचा गुण आणखी थेट आहे. ती त्या दवंडीवाल्यालाच झोपविते. इतर मुलांना खर्रा तिखट लागतो, भोवळ येते, तीं थुंकून टाकतात. भ्यालेल्या मुलाला मात्र आयुष्यांत प्रथमच हायसें वाटतें, आणि हें हायसें वाटणें तें विसरत नाहीं. पुढें औषधच रोग बनतें. निकोटीन उतरूं लागलें कीं जी बेचैनी येते ती पहिल्या बेचैनीहून निराळी ओळखूं येत नाहीं. मग दुसरी चिमूट, तिसरी पुडी. कांहीं वर्षांनीं तोंड उघडेनासें होतें, स्वतःचीं तीन बोटें उभीं करून तोंडांत जात नाहींत, आणि सुपारीनें जडणाऱ्या ह्या विकाराचा शेवट कांहींजणांत कर्करोगांत होतो. मुलींचें भय बहुधा आंतल्या आंत राहतें. दांतांना नस किंवा गुडाखू घासण्याची संवय लोकांच्या डोळ्यांवर येत नाहीं, म्हणून त्यांच्याकडे लक्षही उशिरां जातें.

ह्या मुलुखाला दारूचा प्रश्न नवा नाहीं. १९८२ पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकच होते. त्या वर्षीं गडचिरोली वेगळा झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनीं १९८६ सालीं तेथें ‘सर्च’ ही संस्था स्थापिली आणि त्या दशकाच्या अखेरीस दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली. १९९३ सालीं गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी झाली. चंद्रपुरांत ‘श्रमिक एल्गार’ संघटनेच्या पारोमिता गोस्वामी ह्यांच्या पुढाकारानें २०१० च्या डिसेंबरांत स्त्रिया चिमूरहून नागपुरास विधिमंडळावर पायीं चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून तेथें बंदी लागू झाली आणि २०२१ च्या मे महिन्यांत मंत्रिमंडळानें ती उठविली. बंदी असावी कीं नसावी ह्या वादांत महसूल किती बुडाला, चोरटी दारू किती आली, गुन्हे किती नोंदले गेले, ह्यांचे आंकडे दोन्ही बाजूंनीं मांडले जातात. मुलांच्या झोपेला त्या कोष्टकांत रकाना नाहीं.

वास्तविक ह्या चळवळींत बायका पुढें झाल्या त्या केवळ पैशासाठीं नव्हे. २०१९ ते २१ ह्या काळांतील राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीप्रमाणें, ज्यांचे नवरे वारंवार झिंगतात अशा स्त्रियांपैकीं शंभरांत सुमारे ७० जणींनीं नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार सोसला होता. ज्यांचे नवरे पीत नाहींत त्यांच्यांत हें प्रमाण सुमारे २३ होतें. बंदीच्या बाजूनें ह्याहून बळकट युक्तिवाद शोधूनही सांपडणार नाहीं. पण त्या दुसऱ्या आंकड्याकडेही डोळेझांक करूं नये. न पिणाऱ्या घरांतही जवळजवळ चौथी स्त्री मार खाते, आणि तिच्या पदराआड उभें असलेलें मूल तो मार पाहतें. भट्टी फोडल्यानें पहिल्या घरांतलें भय पुष्कळ कमी होईल. दुसऱ्या घरांतलें होणार नाहीं.

गडचिरोलीच्या मुलांच्या वाट्याला आणखी एक भय आलें, आणि तें घराबाहेरचें होतें. १९८० पासून नक्षलवादी चळवळीचा ह्या अरण्यांत शिरकाव झाला. एकट्या २००९ सालीं मरकेगांव, हत्तीगोटा आणि लाहेरी ह्या तीन ठिकाणीं मिळून ४८ पोलीस मारले गेले. २०१८ च्या एप्रिलांत भामरागड भागांतील चकमकींत सुमारे ४० माओवादी ठार झाले. १ मे २०१९ रोजीं कुरखेड्याजवळ जांभुळखेडा येथें सुरुंगाच्या स्फोटांत १५ जवान आणि एक वाहनचालक गेले. २०२५ च्या ऑक्टोबरांत भूपती ह्या वरिष्ठ पुढाऱ्यानें ६० साथीदारांसह गडचिरोलींत शस्त्रें खालीं ठेवलीं. तेव्हां बंदुकीचें हें पर्व ओसरूं लागलें असें म्हणतां येतें. पण ह्या बातम्यांमागची एक गोष्ट शहरांतील वाचकांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. पोलिसांच्या विशेष पथकांत भरती झालेले तरुण बहुतेक ह्याच जिल्ह्याचे. माओवाद्यांच्या दलांत ओढले गेलेले पुष्कळजणही ह्याच जिल्ह्याचे. गोळी कोणाचीही असो, पोरकें झालेलें मूल गोंडी, माडिया किंवा झाडीबोली बोलणारें. खबऱ्या ठरवून ज्याच्या बापाला रात्रीं घरांतून ओढून नेलें त्याला, आणि जवान बापाची शवपेटी पोलीस मैदानांत पाहिली त्याला, रात्रीं सारखीच जाग येते. चंद्रपुराकडे ताडोबाच्या भोंवतालच्या गांवांत ज्यांची आई मोहफुलें वेंचावयास गेली आणि वाघानें नेली, अशीं मुलेंही ह्याच रांगेंत बसवावीं लागतात. सरकारकडून नुकसानभरपाईचे पैसे येतात. त्या मुलाला रात्रीं झोप येते कीं नाहीं हें विचारावयास कोण येतें?

मोहाचें नांव निघालें, तेव्हां एका अन्यायाबद्दल दोन शब्द बोलणें अवश्य आहे. आदिवासी तेवढा जन्मजात दारुडा, अशी एक समजूत शहरांत रूढ आहे. मार्च-एप्रिलांत पहाटेच्या अंधारांत मोहाचीं फुलें टपटप गळतात; आईबरोबर मुलेंही टोपल्या घेऊन जातात. तें फूल त्यांच्या घरांत खाद्य आहे, वाळवून विकावयाचें धन आहे, आणि त्याची दारू देवाच्या पूजेंत, लग्नांत, मर्तिकांत लागते. सणावारीं सर्वांच्या देखत, ठरल्या मापानें घेतलेला घोट ही एक गोष्ट. आणि गूळ-नवसागराच्या सडव्याची हातभट्टीची दारू रोज सायंकाळीं पिऊन घरीं येऊन भांडीं फोडणें ही दुसरी. पहिलींत समाजाचा धाक आहे. दुसरींत तोच सुटलेला आहे. मुलांना बिघडवितें तें मोहाचें झाड नव्हे. आणि निवाडा करणाऱ्यांनीं आपल्या दिवाणखान्यांतील कपाटाचीही एकदां झडती घ्यावी. तेथील बाटलीवर उंची चिठ्ठी असते, भिंती जाड असतात, शेजारी ऐकूं जात नाहीं. ह्यापलीकडे मुलाच्या दृष्टीनें फरक फार थोडा.

आतां शाळेकडे वळूं. खर्रा सांपडला कीं छडी, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, महाराष्ट्र धरून १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना विचारण्यांत आलें. शंभरांत सुमारे ६९ मुलांनीं कोठें ना कोठें शारीरिक मार सोसल्याचें सांगितलें. शाळेंत जाणाऱ्यांपैकीं ६५ जणांनीं शाळेंतल्या माराचें सांगितलें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानें शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही वर्ज्य ठरविले. ह्या कलमावर शिक्षकांच्या खोलींत बरीच थट्टा चालते. छडी गेली आणि धाक गेला, असें म्हणणारे गुरुजी वाईट माणसें नसतात. त्यांच्यापुढें साठ-साठ मुलांचा वर्ग असतो आणि शिस्त तर हवीच. परंतु जें मूल भयावर उतारा म्हणून पुडी घेतें त्याला आणखी भय दाखवून ती सोडविण्याचा हा उपाय आहे तरी कसला? आग विझविण्यासाठीं रॉकेल ओतावें तसा हा प्रकार होतो. छडी खाल्लेला मुलगा पुडी सोडीत नाहीं. तो शाळा सोडतो. आणि शाळा सुटली कीं टपरी, भट्टी आणि वीटभट्टी ह्यांचीच संगत उरते. म्हणजे वाईट संगत हें कारण अखेर खरें ठरतें, पण तें आपणच खरें करून दाखविलेलें असतें.

मग कांहीं मुलें सावरतात तीं कशानें? ह्याचें उत्तर पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांपैकीं कवाई ह्या बेटावर मिळालें. तेथें १९५५ सालीं जन्मलेल्या ६९८ बालकांवर एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दशकानुदशकें नजर ठेविली. त्यांतलीं सुमारे एकतृतीयांश मुलें दारिद्र्य, घरांतील कलह, दारू, आईबापांचे मनोविकार अशा अनेक संकटांत एकाच वेळीं सांपडलेलीं होतीं. ह्या मुलांपैकीं तिसरा हिस्सा तरीही धडधाकट, कर्ता, मायाळू निघाला. त्यांच्यांत जें समान आढळलें त्यांत एक गोष्ट ठळक होती: बापानें किंवा आईनें पाठ फिरविली तरी त्यांच्या आयुष्यांत कोणी ना कोणी एक वडीलधारें माणूस टिकून होतें. कोठें आजी, कोठें मोठी बहीण, कोठें शिक्षिका.

ह्या दोन जिल्ह्यांत अशी माणसें नाहींत असें थोडेंच आहे? बाबा आमट्यांनीं १९७३ सालीं आरंभिलेल्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पांत १९७६ पासून आश्रमशाळा चालू आहे. माडिया मुलांच्या कित्येक पिढ्यांना तेथें अक्षरांबरोबर विश्वासाचीं माणसेंही मिळालीं. गडचिरोलींत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ ह्या नांवानें दारू आणि तंबाखू ह्यांविरुद्ध शासन, ‘सर्च’ आणि टाटा न्यास ह्यांनीं मिळून जिल्हाव्यापी काम उभारलें. गांवोगांव स्त्रियांच्या संघटना सडवा नष्ट करतात, विक्री बंद पाडतात. पुण्यास अनिल आणि अनिता अवचट ह्यांनीं १९८६ सालीं काढलेल्या ‘मुक्तांगण’मध्यें व्यसनी माणसाच्या पत्नीचीही विचारपूस होते, कारण रोग एकट्या रोग्याला होत नाहीं हें तेथें लवकर ओळखलें गेलें. कायदाही अगदींच दुबळा नाहीं. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या सत्याहत्तराव्या कलमाप्रमाणें मुलाला दारू, अंमली पदार्थ किंवा तंबाखूचे पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. बापासाठीं म्हणून दहा वर्षांच्या पोराच्या हातांत पुडी ठेवणाऱ्या टपरीवाल्याला हें कलम कोणीं तरी एकदां मोठ्यानें वाचून दाखवावयास हवें; आणि पोराला टपरीवर धाडणाऱ्या बापालाही.

शाळेपुरतें सांगावयाचें तर आरंभ फार साधा आहे. विदर्भांतील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पावसाची पहिली सर येऊन गेलेली असते आणि आश्रमशाळांत मुलें पत्र्याच्या पेट्या घेऊन परततात. सुटी कोठें कशी गेली हें त्यांच्या अंगावर वाचतां येतें. कोणाचे दांत लाल झालेले असतात, कोणी रात्रीं अंथरूण ओलें करूं लागलेलें असतें, कोणी भावाला सोडून एक पाऊलही हलत नाहीं. अशा मुलाची पेटी उचकटून पुडी शोधण्यापूर्वीं त्याला बाजूला घेऊन, घरीं कोण कोण आहे, आई कशी आहे, रात्रीं झोप लागते का, एवढें विचारणारा एक शिक्षक प्रत्येक शाळेंत नेमून द्यावा. त्यानें ऐकलेलें वर्गांत बोलूं नये, आणि मुलाच्या जिवाला धोका दिसला तर बालकांच्या मदतीसाठीं असलेल्या १०९८ ह्या क्रमांकावर कळवावें. उत्तर पहिल्या दिवशीं मिळणार नाहीं. मूल आधीं पाहील कीं हें माणूस उद्यांही येथें असतें कीं नाहीं. दिवाळीपर्यंत वाट पाहावी लागेल, कदाचित् दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंतही. तोंवर पुडी सांपडली तर ती काढून घ्यावी, आणि मुलाला वर्गांतच ठेवावें.